संगीत नाटक, व्हॉइस ओव्हर आणि ऑपेरा: एकाच गळ्यानं तिन्ही पेलायची कशी?

तिसरी_घंटा

गोव्यात संगीत नाटकाची तालीम घेतलेल्या मुलामुलींपुढे आता तीन वाटा एकदम उघडतात. देवळाच्या उत्सवातलं आणि स्पर्धेतलं नाटक तर आहेच. त्याच्या जोडीला व्हॉइस ओव्हर आणि डबिंगची कामं घरबसल्या मिळू लागली आहेत. ज्यांचा गळा वर सहज जातो त्यांना कोणीतरी हमखास सांगतं, ‘पाश्चात्त्य गाणं शीक, ऑपेरा करशील.’

चर्चा मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. मुलगी, वय २३–२४, सा काळी चारचा (पेटीची चौथी काळी पट्टी), सहा-सात वर्षं ख्यालाची तालीम, नाट्यपदं पाठ, तार पंचमापर्यंत गळा जातो. मराठी आणि कोकणी दोन्ही स्वच्छ. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, येत नाही.

प्रश्न तीन. एका गायकीनं दुसरी बिघडते का? शिकायला सुरुवात कुठून करावी? आणि वर्षाचं गणित कसं बसवायचं? जाणकारांनी नेमकं लिहावं.

खर्ज

पहिल्या प्रश्नावर बाकीचं सगळं उभं आहे, म्हणून तिथंच थोडा थांबतो.

काळी चारचा सा म्हणजे सुमारे २०८ हर्ट्‌झ. तार सा ४१५, तार पंचम ६२२. आपल्याकडची गायिका हा सगळा पल्ला छातीच्या आवाजाचा रंग राखून गाते. वर गेल्यावर आवाज पातळ झाला तर गुरू लगेच टोकतात. ऑपेरातली सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाची गायिका) मात्र मध्य सप्तकातल्या धैवताच्या आसपासच डोक्याच्या आवाजाकडे वळायला लागते; हा तिचा पहिला सांधा, म्हणजे आवाजाचा प्रकार बदलतो ती जागा. तिथून वर ती स्वरतंतूंचा जाड भाग हळूहळू सोडते आणि पातळ कडेवर गाते. तिचा दुसरा सांधा तार कोमल निषादाजवळ येतो आणि तिथून पुढे ती अतितार गंधारापर्यंत जाते (काळी चारच्या हिशेबानं, तो गंधार म्हणजे साधारण १०४६ हर्ट्‌झ, सोप्रानोचा सुप्रसिद्ध वरचा सी). म्हणजे आपण जिथं जोर वाढवतो, नेमकं तिथंच त्या गायकीत वजन काढून घ्यायचं असतं. विरोध आहे तो इथं. राग, भाषा, ताल हे सगळं नंतरचं.

बिघडतं ते असं. मुलगी ऑपेराची गाणी ऐकून ऐकून म्हणायला लागते आणि छातीचा आवाज तसाच तार मध्यमाच्या पुढे रेटते. माईक नाही, म्हणून आणखी रेटते. स्वरयंत्र वर चढतं, हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा दिसायला लागतात. दोन-तीन महिन्यांनी पहिली तक्रार येते ती मोठ्या आवाजाची नसते, बारीक आवाजाची असते. तार सा हळू लावायला गेलं की आधी हवा निघते आणि मग सूर. मोठ्यानं गाताना काही कळत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

त्यावर रोजची एक चाचणी आहे. सकाळी गळा गरम केल्यावर, एखादी सोपी चार स्वरांची ओळ तार सप्तकात अगदी हलक्या आवाजात, सुटी सुटी म्हणायची. काल जो स्वर चटकन लागत होता तो आज हवा सोडून उशिरा लागला, तर तंतूंवर सूज आहे असं धरायचं. त्या दिवशी जोराचं काहीही गायचं नाही. चार-पाच दिवस असंच राहिलं तर तालीम थांबवायची.

कोयर_लॉफ्ट

खर्जबाब, सांध्याबद्दल पूर्ण सहमत. त्यात ‘का’ची बाजू जोडते.

ऑपेरा माईकशिवाय, साठ-सत्तर वाद्यांच्या वरून ऐकू जातो, तो जोरामुळे नव्हे. वाद्यवृंदाची जास्तीत जास्त ऊर्जा ५०० हर्ट्‌झच्या आसपास असते आणि तिथून वर ती झपाट्यानं उतरते. तयार पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या जवळपास एक पुंजका तयार होतो. तिथं वाद्यं कमी असतात आणि कान सर्वांत तीक्ष्ण असतो. सोप्रानोचा मार्ग थोडा वेगळा. ती तोंडाची पोकळी गायच्या स्वराशी जुळवून घेते. ‘ई’ किंवा ‘ऊ’ बोलताना तोंडाचा पहिला अनुनाद ३००–४०० हर्ट्‌झवर असतो. तार पंचम त्याच्या बराच वर, ६२२ वर. मग ‘ई’ तशीच अरुंद ठेवली तर आवाज चिमटल्यासारखा होतो. म्हणून जबडा सोडावा लागतो आणि ‘ई’ ही ‘ए’कडे झुकते. ऑपेरात वरच्या स्वरांवर शब्द कळत नाहीत याचं कारण हे आहे, उच्चारांचा आळस नव्हे. नाट्यपदात उलट. तिथं शब्द कळलाच पाहिजे आणि माईक मदतीला आहे. ‘ई’ ही ‘ई’च राहिली पाहिजे. हे दोन नियम मनात वेगळ्या खणात ठेवावे लागतात.

सुरुवात अशी करावी. पहिले सहा महिने एकही आरिया (ऑपेरातलं एकट्यानं गायचं गाणं) घ्यायची नाही. रोज वीस मिनिटं, आणि ती ख्यालाच्या रियाजापासून निदान दोन तास लांब.

पहिली पाच मिनिटं नळीचा व्यायाम. सिलिकॉनची ३५ सेंटिमीटर लांब, ९–१० मिलिमीटर रुंद नळी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते अडखळले तर श्वास अडखळतोय. टोक खोल बुडवलं तर विरोध वाढतो, तेव्हा आधी उथळच ठेवावं. त्यानंतर ‘ऊ’वर पाच स्वर वरून खाली: प म ग रे सा. वरून खाली हे महत्त्वाचं. खालून वर गेलं की छातीचा आवाज सोबत ओढला जातो; वरून सुरू केलं की हलका आवाज खाली येतो आणि सांधा आपोआप भरतो. सुरुवातीचा स्वर रोज थोडा थोडा चढवायचा. ‘ऊ’ बसल्यावर ‘ओ’, मग ‘आ’. ‘आ’ सर्वांत शेवटी, कारण आपल्या तालमीत आकार उघडा असतो आणि तो सांध्यावर पसरतो. तिथं त्याला ‘ऑ’ची किंचित गोलाई लागते.

सहा महिन्यांनंतर सतराव्या-अठराव्या शतकातली छोटी इटालियन गाणी. त्यातला पल्ला मर्यादित असतो आणि ओळी लांब असतात, त्यामुळे श्वास शिकता येतो. मग मोझार्ट. व्हर्दी आणि पुच्चिनी पहिल्या तीन-चार वर्षांत नकोच.

भाषेबद्दल गोंयकारांना एक मोठा फायदा आहे आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. इटालियनमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ दोन प्रकारचे आहेत, उघडा आणि मिटलेला. कोकणीतही तेच आहे. मराठी पुस्तकी उच्चारात हा भेद नाही, पण कोकणी बोलणाऱ्याच्या जिभेवर तो जन्मापासून बसलेला असतो. व्यंजनांचंही तसंच. इटालियन ‘टी’ आणि ‘डी’ म्हणजे आपले त आणि द, ट आणि ड नव्हेत. प, त, क महाप्राणाशिवाय, अगदी आपले. द्वित्तही आपल्याला नवं नाही, ‘पत्ता’ आणि ‘पता’ यातला फरक आपण रोज करतो. इंग्रजीच्या वाटेनं इटालियन शिकलं की हे सगळं बिघडतं. गाण्याचा मजकूर सरळ देवनागरीत लिहून घ्या.

पायपेटी

नोटेशनबद्दल. आपल्याकडे चर्चच्या परंपरेतून आलेला सोल्फेज (दो-रे-मी नावांनी स्वर म्हणायची पद्धत) आहे, जुने मेस्त (चर्चचे संगीतशिक्षक) तो शिकवत आले. तो पोर्तुगीज पद्धतीचा, म्हणजे त्यातला ‘दो’ कायम पांढरी एकच. आपला सा चालता आहे. आज काळी चार, उद्या पांढरी पाच. ख्याल शिकलेला माणूस पहिल्याच आठवड्यात ‘सा म्हणजे दो’ असं मनाशी पक्कं करतो आणि दुसऱ्या गाण्याला पार गोंधळतो. ते समीकरण मांडूच नका. दो-रे-मी ही जागांची नावं, सा-रे-ग ही नात्यांची नावं, एवढं कळलं की दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

सुरांचा एक मुद्दा. तानपुऱ्यावरचा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो, पियानोचा ४०० वर. चौदा सेंट म्हणजे तयार कानाला सरळ कळणारा फरक. पियानोवर रोज तास तासभर रियाज करणाऱ्याचा गंधार तानपुऱ्यावर चढा लागायला लागतो, आणि उलट दिशेनं गेल्यास वाद्यवृंदाबरोबर तो उतरलेला वाटतो.

खर्ज

पायपेटीबाब, पण संगीत नाटकाचा ऑर्गनही त्याच पट्ट्यांचा, समान अंतरांचाच ना? मग नाटकात गाणाऱ्याला ही तडजोड आधीच येत असते.

पायपेटी

बरोबर आहे, आणि दुरुस्ती मान्य. नाटकातला गायक ऑर्गनवर चढ्या गंधाराला धरून गातो, घरी तानपुऱ्यावर उतरवतो. म्हणजे हा कानाचा सराव त्याला असतोच. अडचण होते ती फक्त तानपुऱ्यावर वाढलेल्यांची. त्यांनी पियानोबरोबर गाताना स्वर एकेकटा न तपासता मागच्या सुरावटीत, म्हणजे कॉर्डमध्ये तपासावा.

पण साथीतला खरा फरक दुसराच आहे. संगीत नाटकात साथ नटाच्या मागे येते. जागा रंगली तर आणखी दोन आवर्तनं, वन्समोअर आला तर पद पुन्हा, तबलजी डोळ्यांकडे बघून सम देतो. ऑपेरात गाणारा वाद्यवृंदाच्या संचालकाच्या मागे जातो. मात्रा मोजलेल्या, विराम मोजलेले. तुमचं गाणं सतरा मात्रांच्या शांततेनंतर सुरू होत असेल तर त्या सतरा मात्रा अभिनय करता करता मोजायच्या. शिवाय संचालकाची काठी खाली येते त्या क्षणी आवाज बाहेर पडलेला हवा. श्वास त्याच्या आधीच्या मात्रेवर, त्याच वेगानं घ्यायचा. आपल्याकडचा नट समेची वाट बघून श्वास घेतो आणि प्रत्येक ओळीला केसभर मागे राहतो. उपाय साधा आहे. स्वरलिपी पुढ्यात, मेट्रोनोम ६० वर, सूर न लावता शब्द फक्त लयीत बोलायचे, टाळीसकट. चुकलं की मधून नको, पुन्हा विरामापासून.

तिसरी_घंटा

भूमिका बसवताना पायऱ्या कोणत्या? संगीत नाटकात संहिता वाचन, मग पदं, मग उभी तालीम. ऑपेरात?

कोयर_लॉफ्ट

आधी मजकुराचा शब्दशः अर्थ, प्रत्येक शब्दाखाली. सारांश चालत नाही, कारण कुठल्या शब्दावर भार आहे ते सारांशातून कळत नाही. मग लयीत वाचन, पायपेटीबाबांनी सांगितलं तसं. मग सोल्फेजमध्ये स्वर. मग फक्त स्वरवर्ण, व्यंजनं काढून, म्हणजे ओळ सलग राहते की तुटते ते दिसतं. शेवटी सगळं एकत्र. हे गायकानं स्वतः करून यायचं. तालमीच्या पहिल्या दिवशी पाठ असणं गृहीत धरतात. त्यानंतर पियानोवर तालमी, मग वाद्यवृंदाबरोबर बसून होणारी तालीम (तिला झिट्सप्रोब म्हणतात), मग रंगमंचावर. रंगीत तालमींच्या आठवड्यात गायक ‘मार्किंग’ करतात, म्हणजे अर्ध्या आवाजात, वरचे स्वर एक सप्तक खाली. आपल्याकडे तालमीत पूर्ण आवाज लावला नाही तर दिग्दर्शकाला कामचुकारपणा वाटतो. तिथं ती शिस्त मानतात. मला ती आपल्या तालमींतही यायला हवी असं मनापासून वाटतं.

शिकायचं कुठं, तर पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे, आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा गोव्यात होतात. नोटेशन आणि पाया यासाठी ते पुरेसं. गोमंतकीय वंशाच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ आणि पियानोवादक मार्क ट्रूप ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून भारतात कार्यशाळा घेत आले आहेत. प्रत्यक्ष रंगमंचासाठी मुंबई गाठावीच लागते. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, तिथं आहे. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही तिथलाच.

ध्वनिकोठी

व्हॉइस ओव्हरवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नाटकवाल्यांना हे तिन्हींत सोपं वाटतं आणि तिथंच ते सर्वांत जास्त नाकारले जातात.

पहिली चूक: वाक्याच्या शेवटी हेल. मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा म्हणून नट क्रियापद उचलून टाकतो. माईकसमोर ते दवंडीसारखं वाटतं. ऐकणारा एक वीत अंतरावर बसलाय असं धरून बोलायचं, कारण माईक खरोखर तेवढ्याच अंतरावर असतो: पंधरा ते वीस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेला अंगठा ते करंगळी. पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा झोत अडवणारी जाळी) माईकपासून चार बोटं. तोंड माईकच्या सरळ समोर न ठेवता थोडं तिरकं, म्हणजे प, फ, भ यांचा झोत बाजूनं जातो.

दुसरी चूक: आवाज मुद्दाम खाली नेणं. पहाटेचा खर्जाचा रियाज चांगलाच, पण तो स्टुडिओत नेऊन सगळी जाहिरात मंद्र सप्तकात बोलली की अर्ध्या तासात गळा घोगरा होतो. आपण फोन उचलून सहज ‘हां’ म्हणतो, त्याच्या आसपासचा सूर हा बोलण्याचा सा.

उच्चारांत दोन गोष्टी बघतात. च-ज-झ चे दोन्ही प्रकार: ‘चार’ आणि ‘चाक’, ‘जीव’ आणि ‘जावई’. कोकणीतही हे दोन्ही आहेत, त्यामुळे आपल्याला अडचण यायला नको. पण हिंदी ऐकून ऐकून तरुण मुलं सगळेच तालव्य करायला लागली आहेत. दुसरं, कोयर_लॉफ्टबाय म्हणतात तो कोकणीचा उघडा ‘ए’ आणि ‘ओ’. इटालियनला तो वरदान, प्रमाण मराठीच्या निवेदनात तो लगेच ओळखू येतो. गोव्यातल्या जाहिरातीत तो असू द्या, गोडच लागतो. पुण्या-मुंबईच्या कामात ‘मोर’, ‘घोडा’, ‘वेळ’ असे शब्द वेगळे ध्वनिमुद्रित करून तपासा.

तीस सेकंदांच्या जाहिरातीत मराठीचे साठाच्या आसपास शब्द मावतात. हिंदीवरून भाषांतर होऊन आलेला मजकूर बहुतेक वेळा जास्त असतो. भरभर वाचून बसवू नका, शब्द कमी करून मागा. डबिंगमध्ये पडद्यावर ओठ मिटतात तिथं प-फ-ब-भ-म यांतलं काहीतरी आलंच पाहिजे. बाकीच्या अक्षरांना सूट मिळते, ओठांच्या अक्षरांना नाही.

खोलीबद्दल. आपली घरं चिऱ्याची, गिलावा गुळगुळीत, खाली फरशी. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर ती खोली तशीच वापरता येणार नाही. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर गादी किंवा जाड गोधडी, पाठीमागे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, खाली सतरंजी. अंड्यांचे पुठ्ठे लावू नका, त्यांनी बोलण्याचा खालचा भाग अजिबात शोषला जात नाही. मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. शिखर उणे १० ते उणे ६ डेसिबल, शांततेचा गोंगाट उणे ६० च्या खाली. प्रत्येक कामाच्या आरंभी अर्धा मिनिट काही न बोलता खोलीचा आवाज घ्या, तो संपादनात उपयोगी पडतो. पंखा, फ्रीज बंद. पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याची वेळ ठरलेली असते, ती टाळा. कौलांवरचा पाऊस मात्र टाळता येत नाही आणि नंतर काढताही येत नाही. जून-जुलैत कौलारू खोलीतलं काम घ्यायचंच असेल तर मुदत दोन दिवस जास्त मागून ठेवा.

आणि दमट हवा. कंडेन्सर माईकच्या पडद्यावर ओल बसली की तडतड ऐकू येते. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, खड्यांचा रंग बदलला की पुड्या तापवून वाळवा किंवा बदला. एसीच्या खोलीतला गार माईक एकदम सोप्यावर आणू नका, त्यावर तात्काळ दव धरतं. पावसाळ्यात साधा डायनॅमिक माईक जास्त भरवशाचा.

तिसरी_घंटा

ध्वनिकोठीबाब, देव बरें करूं. आता वर्षाच्या गणिताचं सांगा कोणीतरी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रा आणि उत्सव, रात्री साडेदहाला नांदी आणि पहाटे भरतवाक्य.

खर्ज

गोव्याचं हवामान इथं आपल्या बाजूनं आहे. जून ते सप्टेंबर मांडवातली नाटकं जवळजवळ बंद. नवी गायकी शिकायला हेच चार महिने. हवा दमट, स्वरतंतूंना ओलावा मिळतो, रात्रीची जागरणं नाहीत. पाश्चात्त्य गाण्याची सुरुवात मृगाच्या पावसाबरोबर करावी आणि दिवाळीपर्यंत पाया घालावा. मध्ये एकच धोका, चवथ (गणेश चतुर्थी). घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या घरोघर तासन्‌तास चालतात आणि त्या पट्टी न बघता वरच्या आवाजात म्हटल्या जातात. पाच दिवसांत तीन महिन्यांची मेहनत खरवडून निघू शकते. घुमट वाजवा, शामेळ वाजवा. आरती आपल्या सोयीच्या सप्तकात म्हणा.

हंगामात ऑपेराचा व्यायाम थांबवायचा नाही, फक्त तो टिकवायचा: नळी आणि ‘ऊ’, दहा मिनिटं. रात्रभराच्या प्रयोगानंतर ३६ तास ध्वनिमुद्रण नको आणि वरचं गाणं नको. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज खालचा आणि भारदस्त येतो तो तंतू सुजल्यामुळे. पुष्कळ जण त्याच ‘भारी’ आवाजात निवेदन करून टाकतात. चार दिवसांनी एक ओळ पुन्हा मुद्रित करायची वेळ आली की तो आवाज सापडत नाही आणि अख्खं काम परत करावं लागतं.

पाण्याबद्दल एक गैरसमज. प्यालेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. विंगेत घेतलेल्या घोटानं तोंड ओलं होतं, तंतू नाहीत. दिवसभर थोडं थोडं प्यायलेलं पाणीच रात्री उपयोगी पडतं. लगेच ओलावा हवा तर साधी वाफ, पाच मिनिटं, त्यात बाम न घालता. आणि प्रयोगानंतर पहाटे शागोती-वडे खाऊन लगेच आडवं होणं हे घसा बसायचं मोठं कारण आहे. आम्ल वर येतं आणि तंतूंच्या मागच्या बाजूला लागतं. जेवण प्रयोगाआधी तीन तास, नंतर पेज पुरे.

घसा दुखतोय म्हणून बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाणं म्हणजे चटका न कळता तव्यावर हात ठेवणं. ॲस्पिरिननं रक्त पातळ होतं, जोराच्या गाण्यात तंतूत रक्तस्राव होऊ शकतो. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं, आणि तपासणी स्ट्रोबोस्कोपीची मागावी. साध्या आरशात तंतूंची थरथर दिसत नाही.

कोयर_लॉफ्ट

सासष्टीच्या बाजूनं एक भर. कोरेस्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, फेब्रुवारी ते एप्रिल, मोतेतांच्या (चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) तालमी आणि उत्सवी नाटकं एकाच वेळी येतात. दोन्हीकडे गाणाऱ्यांनी एकाच दिवशी दोन्ही तालमी घेऊ नयेत. घ्यावीच लागली तर मोतेत आधी आणि नाटक नंतर. हलक्या आवाजावरून जड आवाजाकडे जाणं तंतूंना सोपं, उलट अवघड.

ध्वनिकोठी

करारांचं थोडक्यात. व्हॉइस ओव्हरचं मानधन ठरवताना कामाचे तास दुय्यम आहेत. आवाज कुठल्या माध्यमावर, किती काळ, कुठल्या प्रदेशात वाजणार हे तिन्ही लेखी घ्या. ‘सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं लिहिलं असेल तर दर त्याप्रमाणे. मजकूर त्यांच्याकडून बदलला तर पुनर्मुद्रणाचे पैसे वेगळे, आपल्या चुकीचं फुकट. आणि आता एक ओळ न विसरता घालावी: या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो बळकट झाला, पण कागदावर सही करून तो सोडून दिला की भांडायला फारसं काही उरत नाही.

पायपेटी

‘एकानं तिन्ही करू नये’ असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र (कोकणी संगीतनाट्य) झाला. तो करणारे लुकाझिन रिबेरो मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीच्या संपर्कातून त्या वाटेला लागले. ऑपेराचा गोमंतकीय रंगभूमीशी संबंध आजचा नाही, सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आमच्या बाजूनं बघा. १९६४ चं ‘मत्स्यगंधा’, दि गोवा हिंदु असोसिएशनची निर्मिती, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीबुवा ख्यालगायक होते, मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागातही त्यांनी काम केलं. त्यातला पराशर गोव्याचे रामदास कामत. सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकर मूळ गोव्याच्या; आकाशवाणीवर कोकणी गायन, संगीत रंगभूमी आणि नंतर चित्रपट असं सगळं त्यांनी केलं. नाट्यपदात त्यांचा आवाज कधीही ताणलेला वाटत नाही. माझ्या मते त्यात माईकसमोर घडलेल्या गळ्याचा वाटा आहे. रेडिओ माणसाला कमी आवाजात जास्त सांगायला शिकवतो.

तिसरी_घंटा

एक शेवटची शंका, वेशभूषेची. नऊवारी शालू, कमरपट्टा, वर शेला. यात खालचा श्वास बसतच नाही. ऑपेरातही कॉर्सेट असतो म्हणे.

कोयर_लॉफ्ट

असतो, आणि उपाय दोन्हीकडे एकच. बांधणारीला सांगायचं, ‘थांब, श्वास घेते’. पूर्ण श्वास घेऊन, फासळ्या बाजूला पसरलेल्या असताना गाठ मारायची. श्वास सोडून उभं राहिल्यावर बांधलं तर रात्रभर खांदे उचलून गावं लागतं आणि पहिल्या अंकातच दम लागतो. कमरपट्टा बेंबीच्या वर न घेता खाली, नितंबांच्या हाडावर टेकवून, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल. ऑपेराच्या कॉर्सेटमध्ये पुढची श्वासाची जागा जातेच, म्हणून गायिका पाठीच्या खालच्या फासळ्यांमध्ये श्वास घ्यायला शिकतात: खुर्चीवर पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर, पाठ फुगतेय ते दुसऱ्याचा तळहात ठेवून बघायचं. हा सराव नेसून करावा. गाऊन घालून जमलेला श्वास कासोट्यात जमेलच असं नाही, म्हणून पहिल्या रंगीत तालमीच्या निदान आठ दिवस आधी तालमीला नेसूनच यायचं.

पायपेटी

आणि नेसल्यावर पट्टी पुन्हा तपासा. साध्या कपड्यांत काळी चारला सहज होणारं पद शालूत पांढरी पाचला उतरवावं लागतं, ऑर्गनवाल्याला ते नांदीच्या आधी कळलेलं बरं.